दारातल्या चपला, ट्रंकेतली मोटर

लातूर,
४ ऑगस्ट २०१४

सौ. सरोजिनीस,

नवऱ्याचं पत्र आलेलं बघून तुला हसू येईल. खुशाल हस. फोनवर तू हसतेस आणि विषय बदलतेस. कागदावर तसं करता येत नाही, म्हणून मुद्दाम लिहायला बसलोय. शिवाय इथं फोनवर बोलायची सोय आहे कुठं? एका खोलीत प्लायवूड ठोकून दोन खोल्या केल्यात. मी इकडं फोडणी दिली की पलीकडच्या उदगीरच्या बाईंना ठसका लागतो. आपल्या घरातल्या गोष्टी त्यांच्या कानावर कशाला?

आमचं ठीक चाललंय. मृण्मयी सकाळी क्लासला जाते, तिथून कॉलेज, मग दुसरा क्लास. या गल्लीत प्रत्येक खोलीत बारावीचं एक लेकरू आणि त्याच्याबरोबर राहायला आलेली एक आई. बापमाणूस मी एकटाच. बायका तोंडाला पदर लावून विचारतात, "आज पोळ्या फुगल्या का?" रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं मी लोकांच्या चौकशा केल्या. आता स्वेच्छानिवृत्ती घेऊन कणकेत पाणी जास्त का झालं याचा जबाब देतोय. असो. तुझी शाळेतली चित्रकलेची नोकरी सुटत नव्हती, म्हणून हे मी पत्करलं. पोरगी एकदा डॉक्टर झाली की सगळं फिटलं.

आता मुद्द्यावर येतो. परवा आपल्या शेजारच्या ज्ञानोबाचा फोन आला. आधी पाऊसपाणी विचारलं, मग हळूच म्हणाला, "साहेब, राग धरू नका, पण वैनी एकल्याच हायत ना घरी? तुमच्या दाराशी बाप्याच्या चपला दिसून राहिल्या. दुपारी हायत, सांजच्याला बी हायत. अन् आतून कायतरी किरकिर वाजतंय, मशीनीवानी."

मी म्हटलं, पाहुणा आला असेल. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की असा पाहुणा मलाच सुचत नाही.

आणि किरकिर कसली? मृण्मयीचं ते खूळ तर मी स्वतः माळ्यावर टाकून आलोय. दहावीच्या सुट्टीत लेकीनं माझ्या कपाटाच्या खणांचे सरकते चॅनेल उपसले, हार्डवेअरच्या दुकानातून आट्यांचे गज आणले आणि जेवणाच्या टेबलावर यंत्र उभं केलं. संगणकानं आकडे द्यायचे आणि यंत्रानं आपोआप लाकूड कोरायचं. सीएनसी राउटर म्हणे. बारावी होईस्तोवर त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय. तुम्हा मायलेकींचा भरवसा नाही, म्हणून कोरणारी मोटर मी बरोबर आणली. माझ्या ट्रंकेत आहे, कुलपात.

मग घरात वाजतंय काय, आणि चपला कुणाच्या? उलट टपाली खुलासा कर.

मार्तंड


नांदेड,
९ ऑगस्ट

अहो चौकशी अधिकारी,

आरोपपत्र मिळालं. पोस्टमन म्हणाला, घरगुती पत्र बघून किती वर्षं झाली. त्याला चहा पाजला. त्याच्याही चपला दाराशी होत्या, ज्ञानोबांनी तुम्हाला कळवलं असेलच.

आवाजाचं म्हणाल तर घर आहे, वाजणारच. मिक्सर वाजतो, पंखा वाजतो. एकट्या बाईचं डोकंसुद्धा वाजतं. आणि चपला कुणाच्या ते मी मुळीच सांगणार नाही. ज्याच्या आहेत त्याला तुम्ही चांगलं ओळखता, एवढंच सांगते. तीस वर्षांचा अनुभव आहे ना, लावा पणाला.

मला विचारायचंय ते वेगळंच. मृण्मयी फोनवर नुसतं हं, हं करते. ही पोरगी आधी एक वाक्य अर्धं टाकून दुसरं सुरू करायची, आपल्याला मध्ये श्वास घेऊ द्यायची नाही. परवा विचारलं, काय जेवलीस? तर म्हणाली, "जेवले." काय ते सांगितलं नाही. ती नीट जेवते का? झोपते का? गल्लीतल्या कुणाशी बोलते का?

माझ्या चपलांच्या आधी हे लिहा.

सरोजिनी


लातूर,
१६ ऑगस्ट

सौ. सरोजिनीस,

प्रश्नाला प्रश्नानं उत्तर दिलंस. ऑफिसात असं करणारा माणूस शेवटी हमखास दोषी निघायचा, हे तुला मी अनेकदा सांगितलंय.

'ज्याला तुम्ही चांगलं ओळखता' यावर मी खूप डोकं चालवलं. तुझ्या शाळेतले उमाशंकर सर सुतारकामाचे शौकीन आहेत. गॅदरिंगला त्यांनी केलेल्या मखराचं तू आठवडाभर कौतुक करत होतीस. मी कुणाचं नाव घेत नाही. फक्त आठवण झाली म्हणून लिहिलं.

आता ऐक. तू मृण्मयीशी फोनवर काय बोलतेस हेही मला कळेनासं झालंय. घरमालकीण सिद्धम्माच्या ओसरीवर जाऊन ती बोलत असते. काल मी कोथिंबीर आणायच्या निमित्तानं जवळून गेलो. लेक म्हणत होती, "आई, वाय सरळ चाललाय ना? मग एक्सच अडतोय. मागं येताना केसभर चुकतो, नट सैल असेल." मला आधी वाटलं, गणित आहे. बरं वाटलं. मग आठवलं, की तुला साधी वजाबाकी बोटांवर करावी लागते. तू तिला गणित कधीपासून शिकवायला लागलीस? आणि गणितात नट कुठून आला?

मी तडक खोलीत येऊन ट्रंक उघडली. कुलूप शाबूत, मोटर फडक्यात गुंडाळलेली, जागच्या जागी. म्हणजे नांदेडला जे काही चाललंय ते या मोटरीशिवाय चाललंय. यानं माझा संशय कमी झाला नाही, वाढला.

त्यात ज्ञानोबाचा पुन्हा फोन. तुझी खिडकी उघडी राहिली होती म्हणे. "साहेब, टेबलावर पेन आपसुक चालत होतं. कुणी धरलेलं न्हाई! वैनी हाताची घडी घालून नुसत्या बघून राहिल्या. भानामती तर न्हाई ना? नायगावच्या माझ्या मामीच्या घरी अशीच कापडं आपसुक पेटायची. म्हणा तर एकाला बोलावतो, उतरवणारा हाय." मी विज्ञान मानणारा माणूस आहे हे तू जाणतेस. पण पेन आपोआप चालत असेल तर तुझ्या तोंडून ऐकायला आवडेल.

मृण्मयीचं विचारलंस. ती उत्तम जेवते. ताट चकचकीत असतं, पोळीचा तुकडासुद्धा टाकत नाही. उगाच नको ते मनात घेऊ नकोस. घाबरायचंच तर इथं सिद्धम्मा पुरेशी आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचं सासरचं अख्खं घर बसलं. तेव्हापासून ती उशाशी तांब्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीवर चमचा अशी रास रचून ठेवते. जमीन हलली की रास पडेल आणि जाग येईल, हा हिशेब. ट्रक गेला तरी गल्लीभर खणखणाट होतो आणि सगळ्या बायका आपापलं लेकरू ओढत बाहेर पळतात. इथं पळण्याला कुणी हसत नाही.

खुलाशाची वाट पाहतो.

मार्तंड


नांदेड,
२२ ऑगस्ट

अहो,

भानामतीपर्यंत गाडी आली म्हटल्यावर आता सांगावंच लागेल. नाहीतर ज्ञानोबा लिंबू-मिरच्या घेऊन दारात उभे राहायचे.

आधी चपला. जूनमध्ये लातूरला निघताना रिक्षात बसल्यावर परत उतरून तुम्ही मला काय सांगितलं होतं, आठवा. "बाई एकटी आहे असं वाटायला नको, माझ्या जुन्या चपला दाराबाहेर ठेवत जा." मी ठेवते. सकाळी झाडताना उचलते, परत ठेवते. ज्ञानोबांना म्हणावं, डाव्या चपलेचा अंगठा लाल दोऱ्यानं शिवलाय का बघा. तो दोरा तुम्हीच मोच्याला घालायला लावला होता, काळा संपला होता म्हणून. स्वतःच्याच चपलांवर संशय घेणारा माणूस माझ्या वाट्याला आला. काय म्हणावं! आणि उमाशंकर सर एकदाच आले, बायकोला घेऊन. गज वाकडा आहे का तेवढं बघून, पोहे खाऊन गेले.

आता गजाचं. यंत्र मी माळ्यावरून उतरवलंय. तुम्ही ओरडाल हे माहीत असून उतरवलंय.

जुलैत एकदा मृण्मयी फोनवर म्हणाली, "आई, झोपले तरी जागीच असल्यासारखं वाटतं." मी घाबरले. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, तुझ्या यंत्राचे स्क्रू कुठल्या डब्यात ठेवलेस गं? तर पोरगी जी बोलायला लागली! कुठला स्क्रू कुठं, कुठली वायर कुठं, चॅनेलला तेल कुठं द्यायचं. सिद्धम्माबाईंनी दोनदा हाक मारली तरी थांबेना. फोन ठेवल्यावर मी शिडी लावली.

तेव्हापासून डोकं तिचं आणि हात माझे. मोटर तुमच्याकडे, म्हणून तिथं पेन बांधलंय. आलोकनं, माझ्या भाच्यानं, त्याचा जुना संगणक दिला. आकडे मृण्मयी सांगते, मी घालते, पेन चालतं; एक्स म्हणजे त्याची आडवी चाल, वाय म्हणजे उभी. परवा वर्तुळ काढलं तर बटाटा आला. तिला सांगितलं, तर हसली. अहो, हसली. ते हसू ऐकायला मिळावं म्हणून मी रोज शाळेतून आल्यावर नट आवळत बसते.

मोटर मी मागत नाही. पण एक सांगते, रागावलात तरी चालेल. दीडशे किलोमीटरवरून तुम्ही दारातल्या चपलांवर नजर ठेवून आहात. समोरच्या ताटावर ठेवा. ताट चकचकीत झालं म्हणजे पोरगी जेवली असं होत नाही. पोळ्या जातात कुठं ते बघा. चौकशीच करायची तर ही करा.

सरोजिनी


लातूर,
१ ऑक्टोबर

सौ. सरोजिनीस,

महिनाभराहून जास्त झालं, लिहिलं नाही. राग आला होता. माझ्यामागं दोघींनी कट केला, आणि वर मलाच शहाणपण. फोनवर मी 'हो, नाही' एवढंच बोललो ते तुला कळलंच असेल.

तुला खोटं पाडायचं म्हणून ताटाची चौकशी सुरू केली. वाढून झालं की मी खोलीबाहेर जायचो आणि दाराच्या फटीतून बघायचो. मृण्मयी एक घास खाते, बाकीच्या पोळ्या वहीच्या कागदात गुंडाळते, दप्तरात ठेवते. मी तिच्या मागं गेलो. सिद्धम्माच्या शेळीपुढं ती पोळ्या टाकत होती. सिद्धम्मा मला बघून खूश होऊन म्हणाली, "सर, तुमची लेक लई गुणाची. रोज शेळीला घास घालती. बाबांनीच सांगितलंय म्हणती."

मी मृण्मयीला विचारलं नाही. मनात म्हटलं, वय आहे, टेस्ट जवळ आली की भूक मरते. एकदा मनगट धरून बघितलं, बांगडी कोपरापर्यंत वर गेली. दुसऱ्या दिवशी पोळ्यांना तूप जास्त लावलं. शेळीला चांगलं तूप मिळालं.

काल भूकंपाचा दिवस. या दिवशी सगळी गल्ली दबकून असते. दिवेलागणीला मी वरण घोटत होतो आणि सिद्धम्माची रास खणखणत खाली आली. एकच ओरडा झाला. सगळ्या बायका लेकरांना ओढत बाहेर, उदगीरच्या बाई एका पायात चप्पल घालून. मीसुद्धा पळालो. हातात पळी घेऊन गल्लीत उभा राहिलो तेव्हा ध्यानात आलं, की प्रत्येक आईच्या हातात एक हात आहे आणि माझ्या हातात पळी.

आत गेलो. मृण्मयी टेबलापाशी बसलेली. पुस्तक उघडं. मी ओरडलो, "ऊठ, बाहेर चल!" तिनं मान वर केली. म्हणाली, "पडू दे ना, बाबा. पडलं तर टेस्ट तरी टळेल."

रडून म्हणाली असती तर मी समजू शकलो असतो. मीठ द्या म्हणावं तसं म्हणाली.

मी तिला उचलून बाहेर आणलं. सरोजिनी, तिचं वजन लागलंच नाही हाताला. बाहेर सगळे हसत होते. भूकंप नव्हताच, मांजरानं वाटी पाडली होती. मला हसता येईना. सिद्धम्मानं पोरीचा हात हातात घेतला, तिच्याकडं बघितलं आणि मला बाजूला नेऊन म्हणाली, "सर, आमचं घर पडलं तवा आमी जगायला पळालो. माती खाल्ली, पर पळालो. हे लेकरू पळालं न्हाई. डॉक्टरकी ऱ्हाऊ द्या तिकडं. हिला घरी न्या, आईपाशी न्या, चांगल्या डॉक्टरला दाखवा."

तिचं बोलणं मी मान्य केलं. आयुष्यात मी कुणाचं म्हणणं इतक्या लवकर मान्य केलेलं नाही. मला भीती वाटते आहे. अजून वाटते आहे.

जेवण झाल्यावर ट्रंक उघडून मोटर तिच्या हातात दिली. फडकं सोडून ती मोटर फिरवत बसली. कोरायचं पातं पकडतो तो मोटरीचा पुढचा भाग बोटानं पुसला, बोट नाकाशी नेलं. म्हणाली, "बाबा, हिला गंज चढला नाही. तेल कोण लावत होतं?"

मी म्हटलं, मला काय माहीत.

उद्या खंडेनवमी. पहिल्या गाडीनं निघतो. चाकूरला गाडी थांबली की तिला काहीतरी खायला घालीन. हे पत्र आम्ही पोचल्यावर तुझ्या हातात पडेल. तोंडानं हे सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहिलं. आलं की माझ्यासमोर वाचू नकोस.

मार्तंड


लातूर,
१२ ऑक्टोबर

सौ. सरोजिनीस,

पोचलो. खोली आवरतोय. क्लासला सांगून झालं. तिथले सर म्हणाले, एवढी हुशार मुलगी ऐन मोक्याला का काढता? मी म्हटलं, माझी मुलगी आहे म्हणून. ते माझ्याकडं संशयानं बघत राहिले. त्या नजरेची मला सवय आहे, मी ती तीस वर्षं वापरली. बारावीची परीक्षा इथल्याच कॉलेजातून देता येईल. प्रॅक्टिकलला मी आणीन. पुढचं पुढं. डॉक्टरांनी पंधरा दिवसांनी बोलावलंय ते विसरू नकोस, गोळ्या तिच्या हाती देऊ नकोस, तूच दे.

इथं एकट्याला करमत नाही. खंडेनवमीचं सारखं आठवतं. तू मोटरीला हळदकुंकू वाहिलंस, मी नारळ फोडला, आणि पहिल्याच फेरीत त्या यंत्रानं फळी सोडून माझ्या जेवायच्या पाटाची कड खाल्ली. मी पुढं झालो तर पोरगी केवढ्यांदा ओरडली, "बाबा, हात मागं! आधी चष्मा लावा!" सबंध वर्षात ती माझ्यावर ओरडली नव्हती. मी हात मागं घेऊन चष्मा लावून उभा राहिलो. डोळ्यांना पाणी आलं ते भुशानं, असं मी ज्ञानोबाला सांगितलं.

काल फोनवर मागं ती मोटर घरघरत होती आणि तुम्ही दोघी हसत होतात. कशाला हसलात? मला हसलात का? विचारलं तर तू विषय बदललास. म्हणून परत कागदावर आलो.

एकच विचारतो. रात्री ती किती पोळ्या खाते? खरं लिही. मला बरं वाटावं म्हणून तू आकडा फुगवशील असा मला दाट संशय आहे. शेळी आपल्याकडं नाही, पण ज्ञानोबाचा कुत्रा आहे. त्याच्यावरही लक्ष ठेव.

सिद्धम्मानं मृण्मयीसाठी शेंगदाण्याची चटणी दिली आहे. मी घेऊन येतो. चपला दाराशी आहेत ना?

मार्तंड


नांदेड,
१५ ऑक्टोबर

अहो,

चपला दाराशी आहेत. तुम्हालाच हसत होतो. कुत्र्याला काल रात्री काही मिळालं नाही, ज्ञानोबांना विचारून खात्री करून घ्या.

तुम्ही गेल्यावर पहिले दोन दिवस एक पोळी, तीही माझ्याकडं न बघता. परवा दीड. काल जेवताना तुमच्या त्या कड खाल्लेल्या पाटावर ती बसली होती आणि एक्स का अडतो ते मला ताटात बोटानं काढून दाखवत होती. बोलता बोलता तीन खाल्ल्या. चौथी मागितली तेव्हा डब्यात पोळी नव्हती. मी उठले आणि कणीक मळायला घेतली.

आत्ताही हाक मारतेय. उरलेलं तुम्ही आल्यावर.

सरोजिनी